चाळीस खुर्च्या आणि सहा लाख माणसे

ग्वाल्हेर, दतिया, मुरैना, भिंड, श्योपूर, शिवपुरी, गुना, अशोकनगर. मध्य प्रदेशाच्या उत्तरेकडचे हे ८ जिल्हे. कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात किमान एक बाल कल्याण समिती असावी लागते आणि प्रत्येक समितीत एक अध्यक्ष व ४ सदस्य असतात. आठ जिल्ह्यांच्या मिळून ४० खुर्च्या झाल्या. याच ८ जिल्ह्यांत सहरिया ही आदिवासी जमात राहते. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशातल्या सहरियांची संख्या ६,१४,९५८ होती आणि ती जवळजवळ सगळी याच पट्ट्यातली. त्या ४० खुर्च्यांपैकी किती खुर्च्यांवर सहरिया माणूस असलाच पाहिजे असे कायदा म्हणतो? एकाही नाही. शून्य.

या समितीला ‘समिती’ म्हणतात म्हणून तिचे वजन चटकन लक्षात येत नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याच्या कलम २७ ने समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले आहेत. रस्त्यावर, स्टेशनवर, वीटभट्टीवर किंवा ओस पडलेल्या घरात सापडलेले मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत तिच्यापुढे उभे करावे लागते. मूल घरी परत जाणार, बालगृहात राहणार की दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवले जाणार, हे तिथे ठरते. ‘हे मूल दत्तक देण्यास मोकळे आहे’ असे जाहीर करायला ५ पैकी ३ सदस्यांचे एकमत पुरते. दत्तकाचा अंतिम आदेश पूर्वी न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. एखाद्या मुलाचे आईबाप कोण, हे कायमचे बदलण्याइतकी ताकद या प्रक्रियेत आहे.

सदस्य कोण असावेत, याचा विचार कायद्याने केलाच नाही असे नाही. किमान एक बाई हवी, आणखी एक बालविषयक तज्ज्ञ हवा. दोन्ही अटी योग्यच आहेत. मुलगी समोर उभी असताना पाचही पुरुष बसलेले असू नयेत हे कायद्याला कळले. पण सहराण्यातून, म्हणजे सहरियांच्या वस्तीतून, आलेले मूल समोर असताना सहराणा म्हणजे काय हे माहीत असलेले निदान एक माणूस खोलीत असावे, हे त्याला सुचले नाही.

आता ६,१४,९५८ हा आकडा जरा जगाच्या नकाशावर ठेवून पाहू. ऑस्ट्रेलिया खंडातल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे ॲबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटवासीयांची एकूण संख्या ३० जून २०२१ रोजी ९,८३,७०० मोजली गेली. तिथल्या मुलांच्या न्यायालयांत मूळनिवासी समाजाचा आवाज कसा पोहोचावा यावर गेली २५-३० वर्षे आयोग नेमले गेले, कायदे झाले, अहवालांचे ढीग लागले. आपल्या ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यातली एकटी सहरिया जमात त्या अख्ख्या खंडाच्या मूळ समाजाच्या पाच-अष्टमांश भरते. जिल्हे फक्त ८ आणि जमात फक्त एक.

देशाचा हिशेब मांडला तर डोके गरगरते. २०११ मध्ये अनुसूचित जमातींची लोकसंख्या १० कोटी ४३ लाख होती. देशात तेव्हा १८ वर्षांखालच्यांचे प्रमाण शेकडा ३९ होते. तेच प्रमाण धरले तर आदिवासी मुले ४ कोटींच्या वर जातात, सहरिया मुले २ लाख ४० हजारांच्या आसपास. ४ कोटी म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या संपूर्ण लोकसंख्येच्या जवळपास दीडपट. लहानथोर, गोरे-काळे सगळे धरून. दर सेकंदाला एक याप्रमाणे या मुलांची नावे वाचायला बसलो, ना झोप ना जेवण, तर शेवटच्या नावापर्यंत पोहोचायला सव्वा वर्षाहून जास्त काळ लागेल. नुसती सहरिया मुलांची नावे वाचायची तरी पावणेतीन दिवस सतत बोलावे लागेल.

ही सगळी मुले समितीपुढे येत नाहीत, अर्थातच. पण संस्थांतल्या मुलांची संख्याही लहान नाही. केंद्र सरकारने देशभरातल्या बालगृहांची पाहणी करवली, तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. ९,५८९ संस्था आणि त्यांत काळजी व संरक्षणाची गरज असलेली ३,७०,२२७ मुले. करोनाच्या साथीत सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला आकडा तर याहून विचार करायला लावणारा आहे. संस्थांत २,२७,५१८ मुले होती, त्यांतली १,४५,७८८ साथीमुळे आईवडिलांकडे किंवा पालकांकडे परत पाठवली गेली. दर १०० मुलांमागे ६४. म्हणजे घर होते, घरचे माणूसही होते. मग एवढी मुले संस्थेत कशी पोहोचली? ती परत गेल्यावर त्यांचे काय झाले, हा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे मुलाच्या वस्तीत जाऊन आलेला, तिथली माणसे ओळखणारा कोणीतरीच देऊ शकतो.

सहरिया मुलगा किंवा मुलगी समितीच्या खोलीपर्यंत येते कशी, हे समजून घेतले पाहिजे. पोटासाठी ही माणसे हलतात. चैतात मोहरी-गव्हाच्या कापणीला घरेच्या घरे बाहेर पडतात. जंगलातला डिंक, तेंदूपत्ता, दगडाच्या खाणी, दुसऱ्याचे शेत, जिथे काम तिथे. त्यात क्षयरोग. श्योपूर जिल्ह्यातल्या सहरियांमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जबलपूरच्या संस्थेने केलेली पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात फुफ्फुसाच्या क्षयाचे प्रमाण लाखामागे १,५१८ निघाले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशाचे प्रमाण लाखामागे ३१६ होते. दोन पाहण्यांमध्ये दहा वर्षांचे अंतर आहे, तुलना ढोबळ आहे, तरी पाचपटीच्या आसपासचा हा फरक काय करतो हे उघड आहे. क्षय तरुण आईबापांना नेतो. मागे राहतात ती मुले.

मागे राहिलेल्या मुलाला कायदा ‘अनाथ’ म्हणतो. सहरियांची वस्ती, सहराणा, घोड्याच्या नालेच्या आकारात वसलेली असते. घरे एकमेकांना लागून, तोंडे आतल्या बाजूला, आणि बसण्या-बोलण्यासाठी, पाहुण्यासाठी, पंचायतीसाठी एक सामाईक ‘बंगला’. वस्तीचा प्रमुख पटेल. अशा वस्तीत आईबाप गेलेल्या पोराला काका आहे, आजी आहे, शेजारचे चार उंबरे आहेत. मूल कोणाच्या घरी जेवते आणि कोणाच्या घरी झोपते, याचे उत्तर दोन वेगळी घरे असू शकते. बाहेरून आलेल्या तपासनिसाला हीच गोष्ट ‘देखभाल करणारे निश्चित कोणी नाही’ अशी दिसू शकते. दोन वाक्ये, एकच मूल, आणि निकाल दोन टोकांना.

घड्याळ तर थांबतच नाही. चौकशी अधिकाऱ्याने १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. समितीने ४ महिन्यांत अंतिम आदेश करायचा. अनाथ किंवा टाकून दिलेले मूल २ वर्षांपर्यंतचे असेल तर २ महिन्यांत, त्याहून मोठे असेल तर ४ महिन्यांत ते दत्तकास मोकळे आहे की नाही हे ठरवायचे. या मुदती मुलाच्या भल्यासाठीच आहेत. मूल वर्षानुवर्षे संस्थेत कुजत पडू नये म्हणून त्या घातल्या, आणि त्या काढा असे कोणी म्हणू नये. पण कापणीला गेलेले कुटुंब दोन-दोन महिने परत येत नाही. तान्ह्या मुलाची मुदत आणि मजुरीचा हंगाम अगदी सारख्याच लांबीचे आहेत. मधल्या काळात वर्तमानपत्रात फोटोसह सूचना छापून येते. ती सूचना दूरच्या शेतात, विंधनविहिरीशेजारच्या पालात राहणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बाईपर्यंत कोण नेणार? सहराण्यातला एखादा माणूस एका दिवसात सांगेल की अमक्याचे घर तमक्या गावच्या मुकादमाबरोबर गेले आहे. पण त्याला विचारायचे कोणी, आणि कोणत्या नियमाने?

कागदावरची नावे हा आणखी एक गुंता. या भागात असंख्य सहरिया माणसांच्या आधार कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी ‘आदिवासी’ एवढेच असते. पहिले नाव आणि पुढे आदिवासी. गोत्र नाही, वस्तीचे नाव नाही. बापाचे नाव आणि आडनाव सांगणारे हरवलेले मूल कोणत्याही गावात चटकन परत पोहोचायला हवे. इथे त्याच बापाच्या नावाची माणसे एका तालुक्यात डझनावारी निघू शकतात. गोत्र विचारायचे असते हे ठाऊक असलेला माणूस हवा.

आदेश मान्य नसेल तर काय? ३० दिवसांत अपील, बाल न्यायालयात. त्यापुढे उच्च न्यायालय. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला, खंडपीठे इंदूर आणि ग्वाल्हेरला. हे आठही जिल्हे ग्वाल्हेर खंडपीठाच्या अखत्यारीत येतात. श्योपूरहून ग्वाल्हेरला शिंदे संस्थानाच्या काळातली दोन फुटी रुळांची रेल्वे जात असे. १९०९ मध्ये ती श्योपूरपर्यंत पोहोचली आणि २०२० मध्ये थांबली. सुमारे २०० किलोमीटर अंतर, आणि गाडीला १० तासांहून अधिक लागत. गरीब माणसाला त्या गाडीचे तिकीट तरी परवडे. आता रुंद रुळांचे काम चालू आहे, बसचे भाडे वेगळे, एका तारखेची बुडालेली मजुरी वेगळी. श्योपूर जिल्ह्यात दर ४ माणसांत जवळपास एक आदिवासी आहे. त्यांच्यासाठी ३० दिवसांची मुदत ही कागद लिहिणारा माणूस शोधण्यातच संपते.

वकील मिळू शकतो का? मिळू शकतो, आणि तो हक्क दुहेरी आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चे कलम १२ अनुसूचित जमातीच्या कोणालाही मोफत वकील देते. तेच कलम प्रत्येक मुलालाही देते. दोन्हींत उत्पन्नाची अट नाही. सहरिया मूल दोन्ही उपकलमांत बसते. बाल न्याय कायद्यानेही मुलाला विधी साहाय्य मिळवून देणे हे समितीचे काम ठरवले आहे. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत दुभाषा घेण्याची तरतूद पॉक्सो कायद्यात आहे आणि दुभाष्यांची नोंदवही जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवायची असे २०२० चे नियम सांगतात. पण वकील कायदा सांगतो, दुभाषा बोली सांगतो. मुलाचे घर, नाती, रीत आणि वस्तीची कुवत सांगणारा तिसरा माणूस लागतो. त्या तिसऱ्या माणसासाठी आपल्या कायद्यात जागाच नाही.

अमेरिकेने ती जागा १९७८ मध्ये केली. त्याआधी झालेल्या पाहण्यांत धक्कादायक चित्र दिसले होते. मूळ अमेरिकी मुलांपैकी शेकडा २५ ते ३५ मुले घरापासून तोडून पालनगृहांत, दत्तक कुटुंबांत किंवा संस्थांत ठेवलेली होती. तीन-चार मुलांमागे एक. इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट या कायद्याने नियम घातला की मुलाला हलवण्याच्या खटल्याची सूचना त्याच्या जमातीलाही गेली पाहिजे आणि ती मिळाल्यावर १० दिवसांपर्यंत सुनावणी होणार नाही. जमातीला खटल्यात स्वतः पक्षकार होता येते. गरीब आईबापाला न्यायालय वकील देते. आईबापाचे हक्क संपवायचे तर जाणकार साक्षीदाराची साक्ष लागते आणि पुरावा फौजदारी खटल्याइतका निःसंशय असावा लागतो. या कायद्याला आव्हान मिळाले. १५ जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो कायम ठेवला.

कॅनडाचे आकडे वाचून झोप उडते. २०२१ च्या तिथल्या जनगणनेत १५ वर्षांखालच्या मुलांत मूळनिवासी फक्त शेकडा ७.७, पण पालनगृहांतल्या त्याच वयाच्या मुलांत शेकडा ५३.८. सातपट. हे कळले कारण तिथल्या जनगणनेने घरात पालनासाठी ठेवलेले मूल आणि त्याचे मूळ या दोन्ही गोष्टी विचारल्या. त्याआधी त्याच देशाने शंभराहून अधिक वर्षे दीड लाख मूळनिवासी मुले निवासी शाळांत कोंडली होती. बालसेवांना कमी पैसा देऊन सरकारने मूळनिवासी मुलांशी भेदभाव केला, असा निकाल तिथल्या मानवी हक्क न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये दिला. २०२३ मध्ये मंजूर झालेली भरपाई २,३३४ कोटी कॅनेडियन डॉलर. त्या वेळच्या दराने आपले सुमारे १ लाख ४० हजार कोटी रुपये. वेळेवर न ऐकल्याची ही किंमत. आणि ती मोजूनही कोणाचे बालपण परत आले नाही.

ऑस्ट्रेलियात घराबाहेर काळजीत ठेवलेल्या दर १० मुलांत ४ हून अधिक मूळनिवासी आहेत, मुलांच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा शेकडा ६ च्या आसपास असताना. व्हिक्टोरिया राज्यात मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोज बाल न्यायालयाने २०१६ पासून मूळनिवासी कुटुंबांसाठी सुनावणीचा वेगळा दिवस ठेवला. तिथे समाजातले कर्मचारी कुटुंबाच्या बाजूला बसतात, प्रक्रिया समजावून सांगतात. न्यूझीलंडच्या १९८९ च्या कायद्याने तर वकिलाखेरीज एक ‘बिगरवकील कैवारी’ (ले ॲडव्होकेट) न्यायालयाला नेमता येतो. त्याला कायद्याची पदवी लागत नाही. मुलाच्या कुळाच्या, संस्कृतीच्या गोष्टी न्यायाधीशापुढे मांडणे हेच त्याचे काम. या सगळ्या देशांत आकडे अजूनही वाईट आहेत, हे लपवायचे कारण नाही. नुसता प्रतिनिधी नेमून गरिबी जात नाही. पण त्यांच्याकडे निदान मोजमाप आहे आणि निदान एक खुर्ची आहे.

आपल्याला हे तत्त्व कळत नाही असे मुळीच नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये बर्लिनमध्ये एका भारतीय जोडप्याचे ७ महिन्यांचे बाळ तिथल्या बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतले. त्या बाळाला त्याची भाषा, धर्म, अन्न आणि माणसे यांपासून तोडू नका, असे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने पुन्हा पुन्हा बजावले. जून २०२३ मध्ये १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी जर्मनीच्या राजदूतांना एकत्र पत्र लिहिले. एका बाळासाठी ५९ खासदार. त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. मूल परक्या हातात वाढले तर त्याच्याबरोबर काय काय हरवते, हे त्यांनी नेमके मांडले. तोच युक्तिवाद श्योपूरमधल्या करहलच्या किंवा ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या घाटीगावच्या सहरिया मुलासाठी जिल्ह्याच्या ठिकाणच्या समितीपुढे कोण मांडणार, एवढाच माझा प्रश्न आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. तिच्या कलम ३० मध्ये मूळनिवासी मुलाच्या संस्कृती आणि भाषेचा हक्क आहे. कलम २० म्हणते की घराबाहेर ठेवलेल्या मुलाच्या वांशिक, सांस्कृतिक, भाषिक पार्श्वभूमीचा योग्य तो विचार व्हावा. बर्लिनला लागू होणारे ग्वाल्हेरला लागू होतेच.

आपल्याच जुन्या कायद्याने ही जाण दाखवली होती, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ अनुसूचित जमातींना लागू होत नाही. केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढली तरच होतो. दत्तकाबाबत आदिवासींच्या रीती त्यांच्या त्यांच्याकडे राहू द्याव्यात असे त्या संसदेला वाटले. २०१५ च्या कायद्यात १६ तत्त्वे आहेत, मुलाचे हित, सहभाग, कुटुंबाची जबाबदारी, संस्था हा शेवटचा उपाय, अशी. एकेक तत्त्व वाचताना मन भरून येते. पण त्याच्या ५९ वर्षे आधीच्या कायद्यातली ती जमातीची जाण त्यांत उतरली नाही. करहल हा श्योपूरमधला विकासखंड राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहे, तिथे पेसा या अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याने ग्रामसभेला आपल्या प्रथा आणि ओळख जपण्याचा अधिकार आहे. ग्वाल्हेर जिल्हा मात्र अनुसूचित क्षेत्रात नाही. एका जमातीची दोन मुले, मध्ये जिल्ह्याची हद्द, आणि हक्क वेगवेगळे.

उलट समितीचे दार आणखी अरुंद झाले. २०२१ च्या दुरुस्तीनंतर समितीच्या सदस्याला बालमानसशास्त्र, कायदा, समाजकार्य, समाजशास्त्र, शिक्षण अशा ठरावीक विषयांतली पदवी लागते, आणि त्याबरोबर मुलांसाठी ७ वर्षांचे काम किंवा त्या विषयातला चालू व्यवसाय. नालायक माणसे भरू नयेत म्हणून ही अट आली, हेतू चांगला. पण चाळीस वर्षे पोरांची बाळंतपणे, दुखणी आणि भांडणे निस्तरलेली सहराण्यातली म्हातारी या दारातून कधीच आत येणार नाही. तिला न्यायाधीश करा असे मी म्हणत नाही. तिचे ऐका, एवढेच.

अपवाद करणे सरकारला जमते. मध्य प्रदेशात याच ८ जिल्ह्यांतल्या सहरियांना तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या पदांवर किंवा वनरक्षक म्हणून, नेहमीची भरती प्रक्रिया न लावता नेमण्याची तरतूद आहे. पैसाही आहे. सहरियांसह देशातल्या ७५ अतिअसुरक्षित जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन ही मोहीम सुरू झाली. ९ मंत्रालये, ११ कामे, ३ वर्षांसाठी २४,१०४ कोटी रुपये. घरे, रस्ते, पाणी, वीज, फिरते दवाखाने, अंगणवाड्या, वसतिगृहे, सगळे हवेच आहे. ७५ ने भागले तर सरासरी एका जमातीला ३२१ कोटी. आता माझा साधा हिशेब. प्रत्येक जिल्ह्यात २ सहरिया प्रतिनिधी, एक बाई आणि एक पुरुष. एकूण १६. प्रत्येकाला महिना ३०,००० रुपये धरले तर वर्षाला ५७ लाख ६० हजार, ३ वर्षांत १ कोटी ७३ लाखांच्या आत. ३२१ कोटींतले हे हजारी साडेपाच रुपयेसुद्धा होत नाहीत.

एकेक जीव मोजणेही सरकारला जमते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून निघालेले ८ चित्ते ग्वाल्हेरच्या विमानतळावर उतरले आणि तिथून हेलिकॉप्टरने श्योपूरच्या कुनो राष्ट्रीय उद्यानात गेले. १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणखी १२ आले. प्रत्येकाला उपग्रहाशी जोडलेला पट्टा, प्रत्येकाची नोंद, प्रत्येक पिलाच्या जन्माची बातमी. चित्त्यांबद्दल मनात काहीच वावगे नाही. पण त्याच कुनोतून सिंहांसाठी म्हणून आधी २४ गावे उठवली गेली होती आणि त्या गावांत बहुसंख्य सहरिया होते. त्यांच्या मुलांच्या बाबतीतही इतकीच बारीक नोंद व्हायला हवी, कारण साधने आहेत, माणसे आहेत, सवयही आहे.

महाराष्ट्राने हे वाचून निश्चिंत होऊ नये. आपल्याकडे आदिवासी १ कोटी ५ लाख. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन अतिअसुरक्षित जमाती. ३६ जिल्ह्यांच्या किमान १८० खुर्च्या आणि कायदा तोच. सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातून बातमी आली ती आठवा. कातकरी मुले थोडे पैसे आणि एका मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती, आणि त्यांतली एक मुलगी गेली. आईबापांनीच दिली होती, असे म्हणून अनेकांनी हात झटकले. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. समाजाचा प्रतिनिधी म्हणजे मुलाला कसेही करून घरी पाठवणारा माणूस नव्हे. मारहाण होत असेल, लैंगिक छळ होत असेल, मूल गहाण पडत असेल, तर त्याला तिथून काढलेच पाहिजे. आणि तसे होत आहे हे सर्वांत आधी वस्तीतल्याच कोणाला तरी माहीत असते. त्याच्या तोंडून ते समितीपुढे यावे, आणि काढलेल्या मुलाला ठेवायला जवळच्याच वस्तीतले सुरक्षित घर कोणते हेही त्यानेच सांगावे.

कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या दोन योजना आहेत, एक मुलांच्या विधी साहाय्याची आणि दुसरी आदिवासींच्या हक्कांची. दोन्हींत विधी स्वयंसेवकांना काम आहे. जिल्हा प्राधिकरणाने मनावर घेतले तर सहरिया तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन समितीच्या प्रत्येक बैठकीला बसवता येईल. महिन्याला किमान २० दिवस बैठक घेणे समितीवर बंधनकारक आहेच. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आणि शहरभर पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी वकील मंडळी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. परक्या मुलखात आपली भाषा आणि सण टिकवायला किती खटपट लागते, हे त्यांच्या घरांना दुसऱ्या कोणी सांगायला नको. त्यांनी या कामात हात घालावा, ही मनापासूनची विनंती.

आणि वाचकहो, तुम्ही कोणत्याही जिल्ह्यात असा, एक काम करा. आपल्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि तीन आकडे मागा. गेल्या वर्षी बाल कल्याण समितीपुढे अनुसूचित जमातीची मुले किती आली, त्यांपैकी कितींना वकील मिळाला, आणि किती मुले आपल्या नातेवाइकांकडे परत गेली. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, एकूण संख्या सांगायला नाही. अर्जाचे शुल्क बहुतेक राज्यांत १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.